नानांचं इंग्रजी

माझ्या नावावर आज जी काही कायद्याची भाषांतरं आहेत, त्यांच्या ओळीओळीवर नानांचा हक्क आहे. हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. कृष्णाकाठच्या एका जिल्हा न्यायालयात मी भाषांतरकार म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे इंग्रजी साहित्याची पदव्युत्तर पदवी होती. गुन्हा, कायदा आणि शिक्षा यांचं इंग्रजी मात्र मला त्या इमारतीच्या मागच्या अंगाच्या खोलीत एका माणसानं शिकवलं. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. निवृत्ती जवळ आलेले ज्येष्ठ भाषांतरकार होते ते. शिरस्तेदारांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे.

आमचं काम काय असतं, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. खालच्या कोर्टात साक्षीपुरावा मराठीत नोंदला जातो. निकालावर अपील झालं की ते कागद उच्च न्यायालयात जातात, आणि तिथली भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजी. म्हणजे फिर्याद, पंचनामे, मृत्युपूर्व जबान्या, सरतपासणी, उलटतपासणी हे सगळं इंग्रजीत उतरवून त्याचं पेपरबुक तेव्हा मुंबईला पाठवावं लागायचं. सत्र न्यायाधीशांनी साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला असतो, तो कुठे अडखळला ते ऐकलेलं असतं. वरच्या कोर्टापुढं फक्त कागद जातो. नाना म्हणायचे, "मुंबईच्या साहेबांपुढं तो साक्षीदार उभा राहणार नाही, पोरी. तू लिहिलेलं उभं राहणार आहे."

त्यांच्या टेबलावर तीन ग्रंथ कायम असत. रतनलाल-धीरजलाल यांचा फौजदारी कायद्यावरचा जाड ग्रंथ, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश. मोल्सवर्थ कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शहरातल्या साक्षीदाराला कुठलाही कोश पुरतो. डोंगरातला माणूस 'माझ्यावर धाव घेतली', 'डाव धरला', 'मुडदा पाडीन' असं बोलायला लागला की दीडशे वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांतून शब्द गोळा करणाऱ्या माणसाकडेच जावं लागतं."

सुरुवातीला त्यांनी मला एकही कागद भाषांतराला दिला नाही. भारतीय दंड संहिता हातात दिली आणि म्हणाले, व्याख्या वाच, आणि प्रत्येक व्याख्येखालची उदाहरणंही वाच. मेकॉलेच्या विधी आयोगानं १८३७ साली जिचा मसुदा दिला, जी १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून लागू झाली, ती ही संहिता. तिच्या उदाहरणांतली माणसं 'ए' आणि 'झेड' अशा अक्षरांनी वावरतात. 'ए'नं 'झेड'च्या घरातली अंगठी उचलली तर चोरी केव्हा आणि केव्हा नाही, 'ए'नं झुडपाकडं गोळी झाडली तर त्याला काय ठाऊक असायला हवं, हे सगळं त्यात गोष्टीसारखं मांडलेलं आहे. नानांना इंग्रजांच्या राज्याविषयी प्रेम नव्हतं, त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. पण त्या व्याख्यांच्या बांधणीविषयी ते आदरानं बोलत. त्यातला एक शब्द काढला तर माणूस तुरुंगात जातो आणि एक घातला तर सुटतो, हे मला त्यांनी तिथंच दाखवलं.

चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांतला फरक मला तोवर नीट माहीत नव्हता. वर्तमानपत्रं तर तिघांनी लुटलं तरी दरोडाच छापतात. कायद्यात चोरी करताना दुखापत केली, रोखून धरलं किंवा तत्काळ तशी भीती घातली की जबरी चोरी. आणि ती पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की दरोडा. चोरीला तीन वर्षांपर्यंत, जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत आणि दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. साक्षीदार "दरोडेखोर आले" म्हणाला म्हणून भाषांतरात दरोड्याचा कायदेशीर इंग्रजी शब्द लिहायचा का? नानांचं उत्तर ठरलेलं होतं: साक्षीदार कलम सांगत नसतो, पाहिलेलं सांगत असतो. किती जण होते, ते त्याच्याच आकड्यात लिही आणि पुढं जा.

'मारलं' या क्रियापदापाशी आम्ही कित्येक दुपारी घालवल्या असतील. "त्यानं माझ्या भावाला मारलं." मराठी माणूस हे थपडेबद्दलही म्हणतो आणि खुनाबद्दलही. इंग्रजीत पहिल्यासाठी एक शब्द, दुसऱ्यासाठी दुसरा, आणि मध्ये कायद्याचे आणखी दोन: साधी दुखापत आणि गंभीर दुखापत. गंभीर दुखापतीचे आठ प्रकार संहितेनं मोजून दिले होते; डोळा जाणं, कानानं ऐकू न येणं, हाड मोडणं, आणि शेवटचा, वीस दिवस तीव्र वेदनेत काढावे लागणं. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत त्या विसाचे पंधरा झाले आहेत. अशा ठिकाणी भाषांतरकारानं दोन वाक्यं मागं, दोन वाक्यं पुढं वाचायचं, वैद्यकीय दाखला काय म्हणतो ते पाहायचं, आणि एवढं करूनही संदिग्धता राहिली तर इंग्रजीतला सगळ्यात हलका, सगळ्यात साधा शब्द निवडून तळटीपेत मूळ मराठी शब्द ठेवायचा. ती तळटीप नानांनी मला आग्रहानं घालायला लावली. वकिलांना मूळ शब्द दिसला पाहिजे, म्हणजे ते भांडू शकतात.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे, ती एका जळालेल्या बाईच्या जबानीतली. इस्पितळात नायब तहसीलदारांनी घेतलेली, प्रश्नोत्तराच्या रूपातली. पुढे काय झाले, या प्रश्नाचं उत्तर होतं: भांडण झाले, अंगावर रॉकेल ओतले, काडी ओढली. बस्स, एवढंच. बाई त्याच रात्री गेली.

कुणी ओतलं? कुणी ओढली? मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं. रॉकेल ओतलं, काडी ओढली. 'त्यानं' किंवा 'मी' गाळलं तरी वाक्य पुरं वाटतं, ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. इंग्रजी वाक्य मात्र कर्त्यावाचून उभंच राहत नाही. तिथं 'तो' लिहिला तर नवरा खुनी ठरण्याच्या वाटेवर जातो. 'मी' लिहिलं तर ती आत्महत्या होते, आणि मग फार तर छळाचं आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम उरतं. आधीच्या सगळ्या उत्तरांत नवऱ्याचं नाव होतं. ते वाचून झाल्यावर माझा हात आपोआप 'तो' लिहायला निघाला होता. नानांनी कागदावर हात ठेवला.

"तुला माहीत आहे कुणी ओतलं?"

"नाना, वरचं सगळं वाचल्यावर दुसरं काय वाटणार?"

"वाटणं न्यायाधीशांचं काम. ती बोलली नाही ते तू बोलू नकोस."

मग त्यांनी मला कर्मणी प्रयोग दाखवला. इंग्रजीत रॉकेल ओतलं गेलं, काडी ओढली गेली, असं लिहिता येतं. कर्ता रिकामा ठेवता येतो. शाळेत ज्या प्रयोगाचे आम्ही निव्वळ रूपांतराचे धडे गिरवले होते, तो त्या बाईचं अर्धवट राहिलेलं बोलणं जसंच्या तसं नेण्यासाठी लागतो, हे मला तेव्हा कळलं. तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३२ खाली मेलेल्या माणसाचं असं बोलणं ग्राह्य धरलं जात असे, आणि त्या माणसाची उलटतपासणी कधीच होऊ शकत नाही. म्हणून तिथं भाषांतरकाराची जबाबदारी सगळ्यात जास्त, असं नानांचं म्हणणं. त्या अपिलाचं पुढं काय झालं ते आम्हांला समजलं नाही. पेपरबुक गेलं की आमचा संबंध संपतो.

याच संदर्भात ते टिळकांच्या खटल्याची गोष्ट सांगायचे, आणि ती मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलम १२४-अ मधल्या अप्रीतीचा अर्थ सांगताना प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, इतका तो ताणला. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध गेले, तीन हिंदी ज्यूरर बाजूनं. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली पुन्हा तेच कलम. 'केसरी'तले लेख मराठी, खटला इंग्रजीत, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि आपल्या मराठी शब्दांना इंग्रजीत जो जहाल रंग चढला होता त्यावर आक्षेप घेतला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढं सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षं मंडालेला गेले. नाना म्हणायचे, त्या पिंजऱ्यात उभा राहिलेला भाषांतरकार आपल्याच खात्यातला पूर्वज आहे. त्याला टिळकांनी काय काय विचारलं ते वाच, आणि तुला तसं कुणी विचारलं तर तुझ्याकडं उत्तर आहे का ते बघ. मी ते सगळं वाचून काढलं. आजही अवघड शब्दापाशी थांबते तेव्हा मला आधी ती उलटतपासणी आठवते.

दुपारच्या सुट्टीत नाना डबा लवकर उरकून व्हरांड्यात जाऊन बसत. ते त्यांचं काम नव्हतं आणि त्याचे पैसेही त्यांनी कधी घेतले नाहीत. तिथं आरोपींचे नातेवाईक असत, फिर्यादीकडची माणसंही असत. कोर्टात काय झालं ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं असे, पण त्यांना समजलेलं नसे. एकदा एका धनगर म्हातारीनं मुलाला 'एमसीआर' मिळाला हे ऐकून हंबरडा फोडला होता. तिला वाटलं, आता तुरुंग, म्हणजे सगळं संपलं. नानांनी तिला बसवून सांगितलं की आधी होता तो पीसीआर, म्हणजे पोलिसांच्या ताब्यातली कोठडी. ती एकूण पंधरा दिवसांवर देता येत नाही. आता मुलगा न्यायालयाच्या ताब्यात गेला, पोलिसांना त्याला हवा तेव्हा हात लावता येणार नाही, आणि आजच जामिनाचा अर्ज टाकता येईल. वकिलाच्या दृष्टीनं ती बरी बातमी होती. म्हातारीला ती तशी सांगायला कुणाला वेळ झाला नव्हता.

दुसरी एक आई निकालाची नक्कल घेऊन आली. मुलाला तीन कलमांखाली सात वर्षं, तीन वर्षं आणि एक वर्ष अशा शिक्षा झाल्या होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं की सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत. तिनं बोटांवर बेरीज केली होती: अकरा. 'एकत्रित' वाचून कुणीही बेरीजच करील. नाना तिला म्हणाले, "आई, तीन चुलींवर तीन भांडी एकदम चढवली, तर सगळ्यात मोठं शिजेपर्यंतच थांबायचं असतं. सातच वर्षं. त्यातून कच्च्या कैदेत काढलेले दिवसही वजा होतील." आणि तिथून खोलीत येताना मला म्हणाले की इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, एकदम आणि एकापाठोपाठ, आणि न्यायाधीशांनी 'एकदम' असं स्पष्ट लिहिलं नाही तर कायद्यानं एकापाठोपाठच धरायच्या असतात, म्हणून तो एक शब्द तपासल्याशिवाय शिक्षेचा आदेश कधी पुढं पाठवू नकोस.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज तर त्या व्हरांड्यातला सगळ्यात चिवट. नाना तो निष्ठुरपणानं नव्हे, पण ठामपणे खोडून काढत. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली सांगितलं की शासनानं सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं हा आकडा, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर त्याआधी सोडता येणार नाही, अशी मर्यादा सांगतो. त्यानंतर सुटकेचा हक्क देत नाही. खोटी आशा घेऊन घरी गेलेला माणूस चौदाव्या वर्षी दुसऱ्यांदा मोडतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्याच श्वासात ते संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणजे काय तेही समजावत. कैदी त्यांना फर्लो आणि पॅरोल म्हणतात. फर्लो ही तुरुंगात काढलेल्या काळावर मिळवलेली, तिला कारण लागत नाही. पॅरोलला घरातलं आजारपण, मृत्यू असं कारण लागतं. घरच्यांनी कुठल्या रजेसाठी कुठला कागद जमवायचा, हे सांगून मगच ते उठत.

मी लग्न करून त्याच शहरात सासरी आले तेव्हा सासूबाईंना माझं काम पसंत नव्हतं. बलात्कार, जाळपोळ, प्रेतांचे पंचनामे, हे सगळं दिवसभर लिहून सून घरी येते आणि स्वयंपाकघरात शिरते, हे त्यांच्या मनाला लागायचं. नोकरी सोडायची गोष्ट निघाली. मी नानांना काही बोलले नव्हते, पण त्यांना कुठून तरी कळलं आणि एका रविवारी ते काकूंना घेऊन घरी आले. चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली. मग ते सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, ज्या बाया बोलून गेल्या, त्यांचं बोलणं मुंबईपर्यंत पोचवायला बाईमाणूस हवं. आम्ही पुरुष काही ठिकाणी थबकतो, काही ठिकाणी शब्द सौम्य करून टाकतो. तुमची सून तसं करत नाही." सासूबाईंनी त्यानंतर माझ्या नोकरीबद्दल ब्र काढला नाही. पुढं कधी उशीर झाला तर त्याच माझं ताट झाकून ठेवत.

नानांचं ते बोलणं वरवरचं नव्हतं. मथुरा प्रकरणाचा निकाल त्यांनीच मला वाचायला दिला होता. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि म्हटलं की दबावाखाली गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं तो भेद या प्रकरणात मान्य केला नाही आणि आरोपी सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून त्या भेदाचीच बाजू घेतली. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. नानांनी निकाल आणि पत्र दोन्ही माझ्या हातात ठेवून सांगितलं, "साक्षीदार 'मी काही बोलले नाही' म्हणाली तर तेवढंच लिही. 'मी मान्य केलं' असं तिचं बोलणं इंग्रजीत कधी होऊ द्यायचं नाही." शब्दांच्या निवडीतून एका मुलीवर काय गुदरू शकतं, याचा त्याहून मोठा धडा मला मिळाला नाही.

नाना निवृत्त झाल्यावरही मी अवघड कागदातला एखादा शब्द मनात धरून त्यांच्याकडं जात असे. साक्षीदाराचं नाव-गाव मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटच्या आजारपणात त्यांना दिसत नव्हतं. मी वाक्य म्हणून दाखवायची आणि ते डोळे मिटून इंग्रजी सांगायचे. २०२४ च्या १ जुलैला दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तीनशे दोनचं एकशे तीन झालं, चारशे वीसचं तीनशे अठरा. गुन्ह्यांच्या व्याख्या बऱ्याचशा त्याच राहिल्या, समाजसेवा ही नवी शिक्षा आली. नाना ते पाहायला नव्हते. नवी कलमं मी त्यांच्याच पद्धतीनं वाचली, आधी व्याख्या, मग उदाहरणं, आणि आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीकडूनही तशीच वाचून घेते आहे.

नाना व्हरांड्यात प्रत्येकाला एक गोष्ट न चुकता सांगायचे, ती मी इथं लिहून ठेवते, कारण ती अजून फार थोड्यांना माहीत आहे. कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि ताबडतोब मिळते. त्यानं मागितलं तर, शक्य असेल तिथं, त्याच्या भाषेतला किंवा न्यायालयाच्या भाषेतला अनुवादही विनामूल्य मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये ही तरतूद होती आणि नव्या कायद्यातही ती आहे. कोठडीतल्या कुणालाही आणि कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. तुमच्या ओळखीच्या घरात असा कागद आला असेल तर त्यांना सांगा, अनुवादाचा अर्ज आजच द्या.